शाहू महाराजांनंतर गादी कोणाची? एक फसलेली आकडेमोड आणि तिची दुरुस्ती

मागच्या वर्षी कॅम्पातल्या आपल्या बैठकीत मी याच विषयावर एक टिपण वाचलं होतं. तेव्हा मी ठामपणे सांगितलं होतं की, १७४९ मध्ये नियमाप्रमाणे झालं असतं तर सातारची गादी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांकडे गेली असती, आणि पेशव्यांनी ती मध्येच अडवली. टिपण संपल्यावर मागच्या खुर्चीवरून एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "काका, पण नियम म्हणजे कुठला नियम? आणि थोरले शिवाजी दुसरे होते ना?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि चहा आला म्हणून सुटलो. घरी गेल्यावर वही काढली, आणि लक्षात आलं की पोरीचं बरोबर होतं. हा लेख म्हणजे त्या टिपणाची दुरुस्ती आहे.

मी पेशानं इंजिनिअर, इतिहास शिकलेला माणूस नाही. त्यामुळे सवय अशी की, आधी गृहीतकं लिहायची, मग गणित. "असं झालं असतं तर" हा खेळ जगभर हौशी लोक खेळतात. रशियाच्या झारांच्या गादीवर तर तो फारच रंगतो: १९१७ साली क्रांती झालीच नसती तर पुढचा झार कोण, त्याच्यानंतर कोण, अशा वंशावळी लोक आजतागायत मांडत बसतात. तो खेळ बघताना मला वाटलं, आपल्याकडे याहून मोठा प्रश्न पडलेला आहे, आणि त्याचे एक टोक कोल्हापूरच्या वाटेवर निपाणीच्या पलीकडे कागललाच आहे.

गृहीतकं

पहिलं: कोण कधी जन्मलं आणि कधी वारलं यात मी बदल करणार नाही. तो बदल करायला लागलं तर कशालाच शेवट नाही. दुसरं: बदल फक्त एकाच गोष्टीत, गादी कुणाकडे जावी या नियमात. तिसरं: नियम चार घेऊ.

पहिला नियम थोरल्या शाखेचा. म्हणजे थोरल्या मुलाचा वंश संपेपर्यंत धाकट्याकडे जायचं नाही, आणि थोरला आधी वारला असेल तर त्याची जागा त्याच्या मुलानं घ्यायची. रशियात झार पॉलनं १७९७ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हाच नियम कायदा म्हणून जाहीर केला.

दुसरा नियम जवळच्या नात्याचा. मेलेल्या राजाला रक्तानं जो अधिक जवळचा, तो.

तिसरा नियम राजाच्या इच्छेचा. राजा ज्याचं नाव घेईल तो. पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये हे कायद्यात घातलं, कारण त्याचा मुलगा अलेक्सेई १७१८ मध्ये तुरुंगात मेला होता आणि बापाला आपल्या मर्जीचा वारस हवा होता. गंमत अशी की, १७२५ मध्ये तो स्वतः कुणाचंच नाव न घेता गेला. पुढच्या ७० वर्षांत रशियाच्या गादीवर सात माणसं बसली, आणि त्यातली बरीच राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या जोरावर.

चौथा नियम दत्तकाचा. मुलगा नसेल तर राजानं, किंवा राजाच्या मागे त्याच्या राणीनं, कुळातला मुलगा घ्यायचा. रशियाच्या कायद्यात याला जागाच नव्हती. आपल्याकडे होती, आणि ती किती मोठी होती ते पुढे दिसेल.

१६८० ते १७०७: तीन वेळा तोच घोळ

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज रायगडावर वारले. संभाजीराजे जन्मले १६५७ मध्ये, राजारामराजे १६७० मध्ये. १६७४ च्या राज्याभिषेकात संभाजीराजे युवराज म्हणून बसले होते. पहिल्या नियमानं आणि युवराजपणानंही प्रश्न उरत नाही. तरी एप्रिलमध्येच सोयराबाईंच्या बाजूच्या प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. हा डाव मोडला कुणी? सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरनोबत हंबीरराव मोहिते यांनी. ते भाच्याकडे न जाता संभाजीराजांकडे गेले. नियम पाळला गेला तो एका माणसानं नातं बाजूला ठेवल्यामुळे.

१६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले तेव्हा त्यांचे पुत्र शाहू सात वर्षांचेही नव्हते. राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं, आणि त्याच वर्षी रायगड पडून येसूबाई आणि शाहू मोगलांच्या ताब्यात गेले. राजा हयात पण कैदेत, आणि त्याच्या वतीनं काका लढतो आहे, अशी ही अवस्था. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवलं. हे शिवाजी जून १६९६ चे. म्हणजे चार वर्षंही पुरी नव्हती. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी मे १६९८ चे. या राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या कन्या. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू सुटून आले. ताराबाईंचा मुद्दा असा होता की, थोरल्या महाराजांचं राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेलं, आत्ता आहे ते राजाराम महाराजांनी नव्यानं मिळवलेलं, त्यावर शाहूंचा हक्क नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर, त्या म्हणत होत्या की वंशावळीचा शून्य बिंदूच बदला. मोजणी रायगडापासून करायची नाही, जिंजीपासून करायची. वकिलाला आवडेल असा मुद्दा आहे हा. पण ऑक्टोबरात खेडच्या लढाईत निकाल लागला, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंना अभिषेक झाला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ताराबाई पन्हाळा-कोल्हापुराकडे आल्या. १७१४ मध्ये राजसबाईंनी डाव उलटवला, ताराबाई आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं, आणि आपल्या संभाजींना गादीवर बसवलं. शिवाजी दुसरे १७२६ मध्ये कैदेतच वारले. १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकरांचा ठरला. म्हणजे निपाणी, चिकोडी, बेळगाव हा आपला सगळा पट्टा कागदावर कोल्हापूरच्या वाट्याला आला. प्रत्यक्षात ठाणी कुणाकुणाची होती ती गोष्ट वेगळी.

१७४९: माझी चूक कुठे झाली

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज साताऱ्यात वारले. वारस म्हणून मुलगा नव्हता. फत्तेसिंह भोसले हे त्यांनी मुलासारखे वाढवलेले, मूळचे पारदचे लोखंडे. त्यांना अक्कलकोट मिळालं, पण गादीसाठी त्यांचा विचार झाला नाही. उरले दोन जण.

एक, कोल्हापूरचे संभाजी महाराज, वय ५१. शाहूंचे चुलत भाऊ. शाहूंच्या राणी सकवारबाई त्यांच्या बाजूच्या होत्या. १७४० च्या सुमारास खुद्द नानासाहेब पेशव्यांनीही त्यांच्याशी गुप्त करार केला होता की शाहूंच्या मागे दोन्ही गाद्या तुमच्याच.

दुसरे रामराजे. ७० च्या पुढे गेलेल्या ताराबाईंनी सांगितलं की शिवाजी दुसरे यांना मुलगा झाला होता, राजसबाईंच्या भीतीनं तो लपवून वाढवला, आणि तो हा. म्हणजे ताराबाईंचा नातू, शाहूंच्या चुलतभावाचा मुलगा.

माझ्या जुन्या टिपणात मी लिहिलं होतं: भाऊ जवळचा, पुतण्या लांबचा, म्हणून संभाजी. हा झाला दुसरा नियम, जवळच्या नात्याचा. पण तोच एकमेव नियम आहे असं मी गृहीत धरलं, आणि तसं धरलं आहे हे लिहिलंच नाही. बांधकामात असं केलं असतं तर नकाशा परत आला असता.

आता चारही लावून बघू.

थोरल्या शाखेचा नियम: संभाजी महाराजांचा वंश शाहूंबरोबर संपला. आता राजारामांच्या वंशाकडे यायचं. त्यात थोरले शिवाजी दुसरे, धाकटे संभाजी. थोरल्याला मुलगा असेल तर तो आधी. म्हणजे रामराजे खरे असतील तर गादी रामराजांची. त्या मुलीचा प्रश्न नेमका हाच होता.

जवळच्या नात्याचा नियम: संभाजी.

राजाच्या इच्छेचा नियम: शाहू महाराजांनी मरण्यापूर्वी स्वतःच्या हातानं दोन याद्या लिहून पेशव्यांना दिल्या. कोल्हापूरकरांना आणू नये, राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, असा त्यांचा आशय. म्हणजे रामराजे.

दत्तकाचा नियम: सकवारबाईंना संधी मिळाली असती तर वेगळं घडलं असतं, पण त्यांना सती जावं लागलं, म्हणून हा रस्ता बंद.

म्हणजे चारपैकी दोन नियम रामराजांकडे बोट दाखवतात आणि एकच संभाजींकडे. पेशव्यांनी नियम मोडला हे माझं विधान टिकत नाही. त्यांनी त्यांच्या सोयीचं केलं हे खरं, पण सोय आणि नियम त्या दिवशी एका बाजूला होते.

एक अट मात्र राहते: रामराजे खरे असतील तर. जानेवारी १७५० मध्ये त्यांना अभिषेक झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना सातारच्या किल्ल्यात अडकवलं. पुढे सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे. पहिली शपथ खरी की दुसरी, यावर इतिहासकार अजून भांडतात. रशियात १६०५ मध्ये असंच झालं होतं. इव्हान द टेरिबलचा मेलेला मुलगा दिमित्री म्हणवत एक तरुण मॉस्कोत आला. दिमित्रीच्या आईनं त्याला आपला मुलगा म्हणून ओळखलं, आणि तो मारला गेल्यावर ओळख मागे घेतली. दोन्ही ठिकाणी सगळं राज्य एका बाईच्या साक्षीवर टांगलेलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी त्या बाईवर साक्ष देताना काय दडपण होतं याचा हिशेब आपल्याकडे नाही. ताराबाईंना रामराजे आपल्या मुठीत हवे होते. ते पेशव्यांकडे झुकले तेव्हा त्या उलटल्या. म्हणून दुसऱ्या शपथेवर मी कमी वजन ठेवतो. तुम्ही जास्त ठेवलंत तर उत्तर बदलेल, हे कबूल. पेशव्यांनी मात्र जेजुरीनंतरही रामराजांनाच छत्रपती मानलं, आणि ते १७७७ पर्यंत होते.

तरी संभाजी आले असते तर?

जवळच्या नात्याचा नियम लावून खेळ पुढे नेऊ. सातारा आणि कोल्हापूर एक होतात. वारणेची सरहद्द पुसली जाते. अठरा वर्षांपूर्वी केलेला तह निरर्थक. संभाजी महाराज डिसेंबर १७६० मध्ये वारतात, पानिपताच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यांनाही मुलगा नाही. प्रत्यक्षात या वेळी पेशव्यांनी कोल्हापूर खालसा करण्याचा प्रयत्न केला, पण जिजाबाई राणीसाहेबांनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन १७६२ मध्ये शिवाजी या नावानं गादीवर बसवला, आणि माधवराव पेशव्यांनी तो मान्य केला. आपल्या खेळात हेच साताऱ्याला होतं, आणि जिजाबाई १७७३ पर्यंत एकत्र गादीच्या कारभारावर असतात. पानिपतानंतर पोळलेल्या पेशवाईला साताऱ्यात अशी करारी बाई परवडली असती का, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

पुढची नावं मग कोल्हापूरचीच. हे शिवाजी १८१३ पर्यंत. मग आबासाहेब, १८२१ मध्ये त्यांचा खून. मग त्यांचे भाऊ बावासाहेब, १८३८ पर्यंत. मग त्यांचे पुत्र बाबासाहेब, १८६६ पर्यंत.

आता दुसरी यादी बघा, प्रत्यक्षातली सातारची. रामराजांनी वावीकर भोसल्यांकडून दत्तक घेतलेले शाहू दुसरे १८०८ पर्यंत. मग प्रतापसिंह, १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पुन्हा बसवलं, १८३९ मध्ये काढलं. मग त्यांचे भाऊ आप्पासाहेब, ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मरताना त्यांनी दत्तक घेतला. डलहौसी नुकताच आला होता. त्यानं दत्तक नाकारला आणि सातारा खालसा केला. त्याच्या हातून गेलेलं हे पहिलं राज्य.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते, जी मला आधी दिसली नव्हती. डलहौसी हिंदुस्थानात होता १८४८ ते १८५६. कोल्हापूरच्या यादीत या आठ वर्षांत कुणी वारलंच नाही. बाबासाहेब १८३८ ला बसले ते १८६६ पर्यंत राहिले. आणि १८६६ येईपर्यंत १८५७ होऊन गेलं होतं, राणीचा जाहीरनामा निघाला होता, आणि १८६२ मध्ये कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. एकत्र गादी असती तर डलहौसीला खालसा करायला सातारा सापडलाच नसता. रंगो बापूजींना लंडनमध्ये चौदा वर्षं दारोदार फिरावं लागलं नसतं.

हे अर्थात माझ्या पहिल्या गृहीतकावर उभं आहे. इंग्रज दुसरं निमित्त शोधायला समर्थ होतेच. पण वारसाच्या नियमानं राज्य गेलं असतं की नाही, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर "नाही" असं येतं.

दत्तक काढून घेतला तर

मग मी उलट गणित केलं. समजा आपल्याकडे रशियासारखा कायदा असता: फक्त रक्ताचा वंश, दत्तक नाही. शिवाजी महाराजांचा औरस पुरुषवंश कधी संपतो? रामराजे खरे धरले तर डिसेंबर १७७७ मध्ये. खोटे धरले तर डिसेंबर १७६० मध्ये, संभाजी महाराजांबरोबर. त्यापुढे शहाजीराजांच्या इतर मुलांच्या शाखांकडे जावं लागतं, आणि त्यातली राज्य असलेली शाखा एकच, व्यंकोजींची तंजावर. म्हणजे सातारचा छत्रपती तंजावरहून आणावा लागला असता. आणि तंजावरची गादीही १८५५ मध्ये मुलगा नाही म्हणून कंपनीनं संपवलीच.

यातून निघतं ते असं. १७७७ नंतर सातारा काय आणि १७६२ नंतर कोल्हापूर काय, दोन्ही गाद्या दत्तकावरच उभ्या होत्या. इंग्रजांना हे पक्कं माहीत होतं. १८१९ मध्ये प्रतापसिंहांशी तह केला तो दत्तक घेतलेल्याच्या मुलाशीच केला. तेव्हा दत्तक चालला, आणि २९ वर्षांनी चालेनासा झाला.

आपल्या भागानं तर हे साताऱ्याच्याही आधी पाहिलं. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा वारले. मरण्यापूर्वी घेतलेला दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं मानला नाही. राणी चन्नम्मांनी मानायला लावायचं ठरवलं, आणि २३ ऑक्टोबरला थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यासमोर पडला. डिसेंबरात कित्तूर पडलं. तेव्हा डलहौसी बारा वर्षांचा होता. निपाणीकर सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजे आपले आप्पा देसाई, १८३९ मध्ये वारले आणि वारस नाही म्हणून निपाणीची जहागीरही गेली. शाळेच्या पुस्तकात हे धोरण १८४८ ला सुरू होतं. बेळगाव जिल्ह्यात ते चोवीस वर्षं आधीपासून चालू होतं.

हद्दीबद्दल दोन शब्द

आपल्याकडे इतिहासाचा लेख वाचला की पहिला प्रश्न येतो, "मग आपला भाग कुणाचा?" मी त्या वादात पडत नाही, पण आकडेमोडीत जे दिसलं ते सांगतो. चिकोडी आणि मनोळी हे परगणे १८१८ मध्ये मदतीबद्दल म्हणून इंग्रजांनी कोल्हापूरला दिले, आणि १८२७ च्या तहात बावासाहेबांवर रुसून परत घेतले. नऊ वर्षं. ज्या एप्रिलमध्ये मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे हा कॅम्प वसला, त्याच सुमारास प्रतापसिंह साताऱ्यात पुन्हा बसत होते. आपला मुलूख कुठल्या गादीखाली हे कधी तहानं ठरलं, कधी एखाद्या राणीच्या मांडीवर बसवलेल्या पोरानं, कधी एखाद्या साहेबाच्या मर्जीनं. यातली एकच तारीख उचलून ती सात-बारासारखी दाखवायची, हे माझ्या वहीत तरी बसलं नाही.

कागलकडे परत

राजसबाईंचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. डिसेंबर १८८३ मध्ये कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले, मूल नव्हतं. त्यांच्या राणी आनंदीबाईंनी मार्च १८८४ मध्ये दत्तक घेतला तो कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा थोरला मुलगा यशवंतराव, वय नऊ. हेच राजर्षी शाहू महाराज. १७१४ मध्ये ज्या घराण्याच्या लेकीनं कोल्हापूरची गादी आपल्या मुलासाठी हिसकावली, त्याच घराण्याचा मुलगा १७० वर्षांनी दत्तक म्हणून तिच्यावर आला. पॉलच्या कायद्यानं यशवंतराव घाटग्यांचा छत्रपतींच्या गादीशी संबंधच लागला नसता. आपल्या नियमानं लागला, आणि १९०२ मध्ये राखीव जागांचा हुकूम निघाला तो त्यांच्या सहीनं.

त्या मुलीला या लेखाची प्रत दिली आहे. "रामराजे खरे होते असं तुम्ही का धरता?" असा तिचा पुढचा प्रश्न आलेला आहे. तिचं टिपण पुढच्या बैठकीत आहे, मंडळींनी जरूर यावं.